इटालियन गाडीच्या चार साड्या

माझं सगळं काम लोकांच्या बुडाखाली जातं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, धंद्याचं वर्णन करते आहे. सुरतेत गोडादऱ्यात माझं रिक्षाच्या सीटा शिवायचं दुकान आहे. रेक्झिनचे गुंडाळे, फोमच्या लाद्या, आणि एक जाडजूड मशीन, ज्याच्या आवाजाबद्दल वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आता भांडायचंही सोडून दिलं आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्या सीटांवर अर्धी सुरत बसून गेली असेल, पण उठल्यावर वळून सीटकडे बघणारा माणूस मला एकच भेटला. ही त्याचीच हकीकत आहे.

एके दिवशी दुपारी माझ्या दुकानासमोर रिक्षा थांबली आणि पांढरे केस, पांढरा शर्ट असे एक गुजराती गृहस्थ खाली उतरले. उतरले ते परत वाकून रिक्षात डोकं घालून उभे राहिले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "आ सीट कोणे सीवी?" सीट कोणी शिवली म्हणून विचारल्यावर ड्रायव्हरने मान तिरकी करून माझ्याकडे बोट दाखवलं. आता मी काही सोशिक बाई नाही. तक्रार आली असं समजून मी कात्री हातात घेऊनच बाहेर गेले आणि म्हणाले, "काय झालं? खिळा टोचला का?"

डोळे मिटून ते सीटच्या कडेला शिवलेल्या गोल गोटावरून, म्हणजे पायपिंगवरून, अंगठा फिरवत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाले, "क्यांय वांकी नथी."

म्हणजे कुठेही वाकडी नाही. पायपिंग सरळ जाते, वळणावरसुद्धा ढळत नाही, हे अठ्ठावीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर मलाही कोणी सांगावं असं कधी सुचलं नव्हतं. मी इतकी बावरले की त्यांना दोनदा चहा विचारला आणि एकदाही मागवला नाही.

या गृहस्थांना सगळे काका म्हणायचे, म्हणून मीही काकाच म्हणू लागले. त्यांच्या वडिलांनी ते लहान असताना एक इटालियन गाडी घेतली होती. तिचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहायचाही प्रयत्न करत नाही. वडील गेल्यावर ती कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. आता काकांनी ती हजीरा रोडवरच्या एका शेडमध्ये दुरुस्तीला दिली होती. दुरुस्त करणारे मेस्त्री मूळचे सांगलीकडचे, हजीऱ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. तीन वर्षं खपून त्यांनी इंजिन बोलतं केलं होतं, पत्रा नव्यासारखा केला होता. राहिल्या होत्या त्या सीटा.

मी बघायला गेले आणि खरं सांगते, शेडच्या दारातच थबकले. केवढं ते लांब नाक! केवढे ते गोल दिवे! रंग असा गडद निळा, की त्यात माझाच चेहरा मला बरा दिसला. मेस्त्री म्हणाले, अशा गाड्या देशात बोटांवर मोजण्याइतक्याच असतील. मी दार उघडून आत वाकले, आणि आतून उंदरांचा वास आला. सीटांमध्ये उंदरांच्या कितीतरी पिढ्या नांदून गेल्या होत्या. इटलीच्या घोड्यांच्या केसांच्या गादीवर सुरतचे उंदीर, एवढं सुख मला माझ्या लग्नातसुद्धा मिळालं नव्हतं.

मेस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले, "पण रिक्षाची सीट वेगळी आणि ही वेगळी. मुंबईत एक कारखाना आहे, ते लेदर लावून देतात. मी बोलून ठेवलंय."

राग मानू नका असं कोणी म्हटलं की मला हमखास राग येतो. मी तिथल्या तिथे काकांना सांगितलं, की सीटा मी शिवणार. मला ती गाडी हवी होती. चालवायला नाही, मला चालवता येत नाही. शिवायला. आयुष्यात एकदा तरी असं काहीतरी शिवावं, की लोक बसायच्या आधी थांबून बघतील. काका म्हणाले, शिवा. पण त्यांची एक अट होती. कापड पूर्वीसारखंच हवं. तसं कापड मिळालं नाही, तर मग मुंबई आणि लेदर.

जुन्या सीटांवर लोकरीचं कापड होतं. वरून ते धुळकट राखाडी दिसत होतं, पण मी एका कडेची शिवण उसवली तर आत, जिथे कधी ऊन लागलंच नव्हतं, तिथे ते निळं निघालं, आणि त्यात दोऱ्याइतकी बारीक मरून रेघ. काकांनी इटलीला पत्रं पाठवून झाली होती. ते कापड आता तिकडे कोणी विणत नाही असं उत्तर आलं होतं. मी हातभर तुकडा कापून पिशवीत घातला आणि घरी नवऱ्यापुढे टाकला.

माझा नवरा कडोदऱ्याला एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात मास्तर आहे. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, बंद पडलेला लूम चालू करणारा. शब्दांच्या बाबतीत फार काटकसरी माणूस. आम्ही दोघं खानदेशातले, घरात अहिराणी बोलतो, म्हणजे मी बोलते आणि तो ऐकतो. त्याने खिशातून भिंग काढलं, कापडावर ठेवलं, धागे मोजले, उलटून मागची बाजू पाहिली, एक धागा काढून जाळून वास घेतला. शेवटी तो म्हणाला, "लोकर शे. तिरकी वीण शे. व्हई जाई."

होऊन जाईल! इटलीला पत्रं पाठवून जे झालं नाही, ते माझ्या स्वयंपाकघरात चहाबरोबर होऊन जाणार होतं. मी आनंदाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याचा चहा सांडला.

त्याच्या कारखान्यात आता सगळे नवे, पाण्याच्या झोताने धागा फेकणारे लूम. पण कोपऱ्यात एक जुना शटलचा लूम उरला होता, भंगारवाल्याची वाट बघत. शेठने परवानगी दिली: भंगाराचा टेम्पो येईपर्यंत काय करायचं ते करा. पानिपतहून लोकरीचं सूत आलं. नवऱ्याने सुट्टीच्या दिवसांत एकेक धागा स्वतः भरला. सुरतेत सगळं काम गुळगुळीत धाग्याचं. लोकरीने त्याला रडकुंडीला आणलं. दहा मिनिटं चालायचा लूम, की धागा तुटायचा. मी डबा घेऊन जायचे तर याच्या मिशीत निळी लोकर, भुवईत निळी लोकर. एकदा शिंकला तर डब्यातल्या भाकरीवर निळा थर बसला. आणि असा हा माणूस हसत होता. वर्षानुवर्षं ज्याला मी मोजक्याच वेळा हसताना पाहिलं, तो लूमच्या खडखडाटात एकटाच हसत होता, आणि मला ते इतकं आवडलं की मी भांडायचं विसरले.

कापड झालं पंचवीस मीटर. सूत तेवढंच होतं आणि लूमही तेवढ्यापुरताच होता, कारण दुसऱ्याच दिवशी टेम्पो आला आणि तो लूम तुकडे करून घेऊन गेला. माझा हिशोब पक्का होता: सीटा, दारं आणि छताच्या कडा धरून पंचवीस मीटर बरोबर पुरणार, वीतभरही उरणार नाही. बिघडलं तर पुन्हा नाही. हे मी नवऱ्याला सात वेळा सांगितलं.

आता लूमवरून उतरलेलं कापड तपासावं लागतं. सुटलेले धागे भरायचे, गाठी काढायच्या, इस्त्री करायची. हे काम माझ्या नणंदेसारखं कोणी करत नाही. ती आमच्या मागच्याच गल्लीत राहते. बाजारातून तिच्याकडे साड्यांचं कापड येतं, तपासणं, कापणं, घड्या घालणं तिच्याकडे. आणि खडे चिकटवायच्या साड्या ती गल्लीतल्या बायकांना वाटून देते. नवऱ्याने कडोदऱ्याहून येताना तो गठ्ठा तिच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "नेहमीसारखं करी ठेव."

बस. एवढंच.

तिसऱ्या दिवशी मी कापड आणायला गेले. नणंदेने मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे एक खोका ठेवला. मी झाकण उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशवीत, पुठ्ठ्यावर घडी घातलेली, एक साडी होती. निळी. बारीक मरून रेघेची. आणि वर फोटो होता, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या एका गोऱ्यापान बाईचा.

मला बराच वेळ काही कळलंच नाही. मग कळलं आणि मी झाकण परत लावून टाकलं.

"हाई काय शे?" मी विचारलं.

"साडी," नणंद म्हणाली. "चार व्हयन्यात. ब्लाउजपीससकट. फोटो कोनता टाकू समजनं नही, म्हनीसन निळी साडीवालीना टाका."

"तुले कोनी सांगं कापाले?"

"दादानीच सांगं, नेहमीसारखं करी ठेव."

तिची काय चूक? तिच्या टेबलावर आलेलं कापड गेली पंधरा वर्षं सव्वासहा मीटरवर कापलं जात होतं. उद्या कोणी तिथे सतरंजी ठेवली तरी ती ब्लाउजपीस सोडून कापेल. कापल्याचं मला तेवढं दुःखही झालं नाही, सीटला शेवटी तुकडेच लागतात. मी खाली बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, ठीक आहे, बाकीच्या तीन आण. तेव्हा नणंद खोक्याच्या दोरीशी चाळा करू लागली.

"दोन शेतस," ती म्हणाली. "चौथी खडा लावाले गयी."

मी कशी धावले ते मला आठवत नाही. चपला नणंदेच्या ओट्यावरच राहिल्या एवढं खरं. गल्लीच्या टोकाला पाच-सहा बायका ओळीने बसल्या होत्या, मांडीवर माझी इटालियन गाडी पसरून, आणि डिंकाने खडे चिकटवत होत्या. पदर भरून झाला होता! आणि बायकांना दृष्टी होती हो, काय सांगू. मरून रेघेवर मरून खडे, अगदी मॅचिंग. ऊन पडलं होतं आणि तो मीटरभर तुकडा असा चमकत होता, की क्षणभर मलाच वाटलं, बरा दिसतो आहे.

मग मी ओरडले. काय काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याला फोन लावून म्हणाले, "तोंड उघडाले काय व्हस तुमले? दोन शब्द जास्त बोलतात तं काय दात पडी जातात?" पलीकडे नुसता लूमचा खडखडाट. बायका घाबरून हात वर धरून बसल्या होत्या. त्यातली सगळ्यात म्हातारी होती तिने धीर करून साडी कोणाची ते विचारलं, "पन बाई, साडी कोनी शे?"

"गाडीनी," मी म्हणाले.

"गाडी साडी नेसस?"

आणि मला हसू फुटलं. म्हणजे साधं नाही, जमिनीवर बसायला लावणारं. मी हसते हे बघून नणंद हसली, ती हसली म्हणून ओळ हसली. एकीने साडीचा पदर खांद्यावर टाकून स्टिअरिंग धरल्यासारखे हात केले आणि भोंगा वाजवला. मला रडू येत होतं आणि हसू थांबत नव्हतं. लूम भंगारात गेला होता, मुंबईचे लेदरवाले वाट बघत होते, आणि मी अनवाणी गल्लीत पोट धरून बसले होते.

मग आम्ही खडे काढायला बसलो. मागून गरम इस्त्री फिरवायची, डिंक सैल झाला की सुईने उचलायचा, उरलेला डिंक नखाने खरवडायचा. त्याच बायका, तीच ओळ, फक्त काम उलटं. दोन दिवस गेले. कापडावर कुठे कुठे पुसट डाग राहिले, ते भाग मी शिवणीच्या आत आणि सीटच्या पाठीमागे वळवले. मी शपथ घालून सगळ्यांना सांगितलं, की हे काकांच्या कानावर जायचं नाही. रिक्षावालीला काम दिल्याचं हे फळ, असं मेस्त्री म्हणाले असते, आणि ते मला सहन झालं नसतं.

पुढचे दोन महिने मी त्या शेडमध्ये शिवत होते. स्प्रिंगा नव्या बांधल्या, गादी भरली, पायपिंग लावली. इतकं जपून मी माझं मूलही वाढवलं नाही. शेवटचा टाका घातला त्या दिवशी मी मशीनला नमस्कार केला.

काका सीटा बघायला आले तेव्हा शेडमध्ये आम्ही सगळे होतो: मी, नवरा, मेस्त्री, आणि नणंद, कारण कापड आपणच कापलं म्हणून तिला यायचा हक्क होता. काकांनी मागचं दार उघडलं. बसले नाहीत. वाकले, डोळे मिटले आणि अंगठा पायपिंगवर ठेवला. माझं काळीज त्या अंगठ्याबरोबर सरकत होतं. डाव्या टोकापासून निघाला, मध्यावर आला, पुढे गेला. उजव्या कोपऱ्यात थांबला.

"आ शुं छे?" त्यांनी विचारलं. हे काय आहे?

मी वाकून पाहिलं. पायपिंगच्या अगदी खाली, मरून रेघेवर, एक मरून खडा. त्या कोपऱ्यावरून माझा हात दहा वेळा फिरला होता. नणंद माझ्या नवऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली. आणि तेवढ्यात त्या माणसाने, ज्याच्याकडून मीठ मागायलासुद्धा शब्द निघत नाही, त्याने पुढे होऊन सांगितलं, "चूक मनी शे."

चूक माझी आहे, म्हणाला, पण काकांना अहिराणी कुठली कळायला? मग मीच तोंड उघडलं. लपवायचं ठरवलेलं सगळं गुजराती, हिंदी, मराठी जे हाताला लागेल त्यात सांगून टाकलं. नेहमीसारखं, चार साड्या, ब्लाउजपीस, खडे, इस्त्री, फोटोतली बाई. मेस्त्री आधी खोकले, मग टायरवर बसून मांड्या थोपटत हसायला लागले. काका मात्र हसले नाहीत. ते सीटकडे बघत उभे होते. गेलं, मी मनात म्हटलं. आता मुंबई. मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

"फोटावाळी बेन क्यां छे?" काकांनी विचारलं.

फोटोतली बाई कुठे आहे! आणि माझ्या नणंदेने, धन्य तिची, पर्स उघडली आणि फोटो काढून दिला. जपून ठेवला होता तिने. काकांनी तो लांब धरून पाहिला, गाडीकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं, आणि मग ते असे हसले, की मेस्त्रींनी उठून त्यांना पाणी दिलं. फोटो त्यांनी पुढच्या कप्प्यात गाडीच्या कागदांबरोबर ठेवला. तो आजही तिथेच आहे.

मग डोळे पुसून त्यांनी मागचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. "बेसो, बेन."

मी म्हणाले, आधी तो खडा काढते. ते म्हणाले, राहू दे, छान आहे. छान कसला, चूक ती चूक. मी नखाने खडा उचकटला. मग फेकवेना. कपाळावरची टिकली काढली, तिचा गोंद कपाळावर राहिला होता, त्यावर तो खडा दाबून बसवला आणि गाडीत बसले.

बसल्यावर लक्षात आलं, की मी शिवलेल्या सीटवर मी कधी बसलेच नव्हते. आम्ही स्कूटरवाली माणसं. रिक्षा आमच्या दुकानात यायची ती रिकामी आणि जायची ती रिकामी. अठ्ठावीस वर्षं जे लोकांना मिळत होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

काकांनी आम्हाला घरी सोडायचं ठरवलं. ते चालवायला, नवरा त्यांच्या शेजारी, मागे मी आणि नणंद. सबंध शहर ओलांडून ती गाडी गोडादऱ्यात शिरली तेव्हा खडेवाल्या बायका ओळीने उठून उभ्या राहिल्या. गाडीची साडी आली म्हणून म्हातारी ओरडली, "गाडीनी साडी वनी, गाडीनी साडी!" आणि त्या आत डोकावून आपण खडे लावलेला पदर ओळखू लागल्या. बघत होत्या. सगळ्या सीटकडे बघत होत्या.

नवऱ्याने पुढून मान वळवली. "बरी शे का?" असं त्याने स्वतःहून विचारलं.

डावीकडे फोम अंमळ जास्त झाला होता, ते मी कोणाला सांगितलं नाही. मी अंगठा पायपिंगवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. कुठेही वाकडी नव्हती. "बठाले बरी शे," मी म्हणाले, आणि काकांनी दार उघडून धरलं तरी उतरले नाही.